अपुइया गेला. आता बॉल हिसकावणार कोण?

वीरा_देसाई_रोड:

मंडळी, ऑगस्ट २०२४ संपत आला. महिनाअखेर ट्रान्सफरची खिडकी बंद होणार आणि १३ सप्टेंबरला आयएसएल फुटबॉल लीगची पहिलीच मॅच कोलकात्यात, मोहन बगानशी. ज्या सॉल्ट लेकवर १५ एप्रिलला आपण शील्ड (लीगमध्ये पहिल्या नंबराची) घालवली आणि ४ मेला कप (फायनल जिंकल्याचा) उचलला, तिथेच. तेव्हा आपल्याकडून मधल्या फळीत खेळलेला अपुइया आता समोर हिरव्या-मरून शर्टात. ग्रेग स्टुअर्टही तिकडेच गेलाय, पण तो आपल्याला जानेवारीतच सोडून गेला होता, त्याचं काय घेऊन बसायचं. अपुइयाचं मात्र अजून पचनी पडत नाही.

(आपल्याला म्हणजे मुंबई सिटीला. इथे एफसी गोवावाले गोवेकर टपून असतात म्हणून स्पष्ट केलं.)

आधी जमाखर्च. अपुइया बगानला गेला. नोगेरा आणि पेरेरा डियाझ दोघेही बेंगळुरूला. राहुल भेके, आपला मुंबईचा पोरगा, तोही बेंगळुरूलाच. आले कोण? गोव्याहून ब्रँडन फर्नांडिस. ग्रीसच्या ओएफआय क्रीटकडून जॉन तोराल, जो लहानपणी बार्सिलोनात आणि मग आर्सेनलच्या ॲकॅडमीत वाढला. जमशेदपूरकडून जेरेमी मांझोरो, डाव्या पायाचा फ्रेंच. आणि पुढे गोल मारायला निकोस कारेलिस.

नावं वाचून सगळे खूश आहेत. मीही दोन दिवस खूश होतो. मग कागदावर टीम मांडली आणि पेन मध्येच अडकलं. ब्रँडन, तोराल, मांझोरो. तिघेही दहा नंबरच्या, म्हणजे स्ट्रायकरच्या मागून खेळ रचणाऱ्याच्या जागेचे, तिघांनाही बॉल पायात हवा, तिघेही फ्री-किकला एकमेकांकडे बघणार. बॉल समोरच्या टीमकडे असेल तेव्हा या तिघांपैकी कोण धावणार?

अपुइया नेमकं काय करायचा ते टीव्हीवर कळत नाही, कारण कॅमेरा बॉलच्या मागे फिरतो. अंधेरीला, आपल्या घरच्या मैदानावर, वरच्या ओळीत बसलं की अख्खं मैदान नजरेत येतं. आपला कॉर्नर असला की अकरापैकी बहुतेक जण बॉक्समध्ये गर्दी करतात. अपुइया बॉक्सपुढच्या अर्धगोलाच्या (डीच्या) बाहेर, जरा डावीकडे, एकटा उभा. बॉल येईपर्यंत दोन-तीनदा मान मागे वळवून समोरचा विंगर कुठे आहे ते बघून ठेवायचा. त्यांच्या डिफेंडरने हेडर मारून बॉल बाहेर काढला की विंगर तो छातीवर घेऊन वळणार, तेवढ्यात हा तिथे पोचलेला. कधी बॉल काढून घ्यायचा, कधी नुसता अंगावर जाऊन त्याला परत मागे वळायला लावायचा. हायलाइट्समध्ये यातलं काहीच दिसत नाही. पण त्यामुळेच आपले दोन्ही बॅक निर्धास्त वर राहायचे आणि आपला विंगर छांगटे याला पुढे रान मोकळं मिळायचं.

थोडा इतिहास, नव्या पोरांसाठी. २०२०-२१ ला कोच लोबेराच्या टीममध्ये मधला माणूस अहमद जाहू होता. जाहू धावायचा नाही, त्याला गरजच नव्हती. उजव्या पायाने चाळीस-पन्नास मीटरचा बॉल थेट विंगरच्या पुढ्यात टाकायचा, आणि बॉल हातचा गेला की शांतपणे पाय आडवा घालून पिवळं कार्ड घ्यायचा. त्या वर्षी शील्ड आणि कप दोन्ही आले. पुढच्या मोसमात नॉर्थईस्टकडून अपुइया आला, विशीतला. नंतरचा कोच बकिंगहॅमने त्याला जाहूच्या बाजूला लावलं, म्हणजे एक पास देणारा आणि एक पाय मारणारा, बॉल हिसकावणारा. २०२२-२३ मध्ये १८ मॅचेस न हरता शील्ड जिंकली ती याच जोडीवर, पुढे स्टुअर्ट आणि नोगेरा. मग जाहू लोबेराच्या मागे ओडिशाला गेला आणि त्याच्या जागी योएल वॅन नीफ आला. वॅन नीफ चांगला आहे, पास स्वच्छ, डोकं थंड. पण त्याच्यामागे मोकळी जागा राहिली आणि समोरून तिघे धावत आले, तर तो त्यांना गाठू शकत नाही. गाठणारा शेजारी होता, आता नाही.

आता खरी मेख. परदेशी सहाच घेता येतात, मैदानावर एका वेळी चार. आपले सहा भरले: तिरी, क्रौमा, वॅन नीफ, तोराल, मांझोरो, कारेलिस. म्हणजे बाहेरून पाय मारणारा कोणी आणायची सोय संपली, जो कोणी येईल तो भारतीयच. आणि मैदानावरचे चार? तिरी मागे हवाच. वॅन नीफ मध्ये हवाच. कारेलिस पुढे हवाच, कारण डियाझ गेला. उरली एक जागा. तीत तोराल, मांझोरो, क्रौमा यांपैकी एकच मावतो. मग दोन दहा नंबरवाले परदेशी घेतले कशाला, हे मला कोणीतरी समजावा.

घरात बघितलं तर जयेश राणे आहे, ग्यामर निकुम आहे, फ्रँकलिन नाझरेथ आहे. बाहेर बघितलं तर जॅक्सन सिंग हा एकच माणूस डोळ्यासमोर होता, त्याला ईस्ट बंगालने नेलं. सुरेश वांगजमला बेंगळुरू सोडणार नाही.

तर विचारतो: या चार-पाच दिवसांत कोणाला आणावं? की आपला कोच क्रात्कीच्या डोक्यात काहीतरी वेगळंच आहे आणि मी उगाच रक्त आटवतोय?

मडगांवचो_बॉल:

आलो रे, टपूनच बसलो होतो.

आधी एक सांगून ठेवतो. माणसं नेल्याबद्दल मुंबईने रडावं हे ऐकायला फार गोड वाटतं. २०२० मध्ये तुम्ही आमचा कोच नेला, जाहू नेला, फॉल नेला, बुमूस नेला, मंदार नेला. घराचा दरवाजा तेवढा ठेवलात. मग २०२३ च्या फेब्रुवारीत आमच्या फातोर्ड्याच्या मैदानावर येऊन ५-३ ने हरवून आमच्याच डोळ्यांसमोर शील्ड पक्की केलीत. आता बगानने एक माणूस नेला तर चार परिच्छेद?

असो. ब्रँडनवर बोलतो, त्याला पोरवयापासून बघतोय. तुझं एक बरोबर आहे, दुसरं नाही.

बरोबर हे की ब्रँडन मागे येऊन टॅकल करणारा माणूस नव्हे. त्याला तिथे वापरलंत तर तो दमेल, वर दुखापती, त्याचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. गेल्या वर्षी आमचा कोच मानोलोने त्याला कसं वापरलं ते आठव. त्याच्या पाठीशी कार्ल मॅकह्यू उभा असायचा. आयरिश माणूस, दिसायला काही नाही, पण अंगावर येणारं सगळं झेलायचा. तो होता म्हणून ब्रँडन डावीकडे आत सरकून उभा राहायचा, बॉल यायची वाट बघायचा आणि एका टचमध्ये विंगरला सोडायचा. सेमीफायनलला आमच्याकडून दुसरा गोल कोणी केला ते विसरला नसशील. २-० ने आम्ही पुढे, नव्वदावं मिनिट. त्यानंतर काय झालं ते मी लिहिणार नाही, तू लिहिशीलच.

चूक हे की तिघे एकाच जागेचे. ब्रँडन आत येणारा आहे, त्याची जागा डाव्या विंगरच्या पोटात. तोराल उंच आहे, बॉक्समध्ये उशिरा घुसतो, हेडरला उपयोगी. मांझोरो दोघांपेक्षा खाली येऊन बॉल घेतो, जमशेदपूरला बरेचदा तोच खालून खेळ चालवत होता. एका पठडीचे म्हण, एका जागेचे म्हणू नको.

आणि हो, आमचा जुना खेळाडू इकर आमच्याकडे परत आला. देव बरे करो.

वीरा_देसाई_रोड:

@मडगांवचो_बॉल लिहितोच की. ९० व्या मिनिटाला छांगटे, ९०+१ ला विक्रम प्रताप, ९०+६ ला पुन्हा छांगटे. ३-२. तुमच्या फातोर्ड्यावर. झालं समाधान?

मॅकह्यूचा मुद्दा मात्र माझ्याच बाजूने जातो, बघ. ब्रँडनच्या मागे मॅकह्यू लागतो हे तूच म्हणतोस. मग आमचा मॅकह्यू कोण? वॅन नीफला ते काम दिलं तर त्याचे पुढचे पास बंद. तो खाली अडकला की तिरीलाच बॉल घेऊन मधल्या रेषेपर्यंत यावं लागणार, आणि तिरी एकदा वर आला की मागे मेहताब एकटा. एक खिळा काढला की सगळी फळी हलते ती अशी.

मांझोरो खाली येऊन बॉल घेतो हे मान्य. पण बॉल घ्यायला खाली येणं वेगळं आणि समोरच्याकडून काढायला खाली येणं वेगळं.

पाचवी_पेठ_फॉरवर्ड:

कोल्हापूरवरनं लिहितोय. आमच्यात शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच असली की मधल्या पोराला एकच गोष्ट सांगत्यात: तुझ्यापुढनं बॉल गेला तरी चालंल, माणूस जाता कामा नये. अपुइया तसला गडी होता, मान्य.

पण भावा, मला एक सांग. अपुइया नॉर्थईस्टचा कॅप्टन झाला तवा त्याचं वय किती? वीस. तो काय आभाळातनं पडला व्हता? २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये आमचा अनिकेत जाधव होता, तोच अपुइया होता, तोच जॅक्सन होता. जॅक्सननं कोलंबियावर हेडर मारला, भारताचा वर्ल्ड कपमधला पहिला गोल. ती पोरं कुणीतरी मॅचमध्ये उतरवली म्हणून आज त्यांच्या किमती झाल्यात. तुमच्यात ग्यामर निकुम हाय, फ्रँकलिन हाय. त्यास्नी बेंचवर बसवून पुन्हा बाहेरनं तयार माल आणायचा, आणि तीन वर्षांनी तोबी बगाननं नेला की पुन्हा इथं गळा काढायचा. हे कुठवर चालायचं?

जयेश राणेबद्दल मात्र वाईट बोलायचं न्हाई कुणी. पण तिशी ओलांडलीय, त्याच्याकडनं नव्वद मिनिटं त्या कामाची अपेक्षा करू नका. शेवटची पंचवीस मिनिटं द्या, सोनं करंल.

बालेवाडी_नॉर्थ:

मूळ प्रश्नच मला थोडा चुकीचा वाटतो. एका माणसाने बॉल हिसकावणं हा जुना हिशेब झाला. क्रात्की मेलबर्न सिटीहून आलाय, तो आणि मुंबई एकाच मालकांच्या सिटी गटातले क्लब, त्या सगळ्या गटाची पद्धत एकच: बॉल गेला की जवळच्या तिघांनी पुढेच चाप लावायचा, मागे पळत यायचं नाही. बॉल वरच मिळाला तर खाली अपुइया काय नि आणखी कोण काय, कामच उरत नाही.

मागच्या वर्षी आशियाई चॅम्पियन्स लीगच्या मॅचेस आमच्या बालेवाडीला झाल्या. अंधेरीचं मैदान तिथे चालत नव्हतं, म्हणून आम्हा पुणेकरांना आयती मेजवानी. इराणचे नस्साजी २-० ने जिंकून गेले, उझबेकिस्तानचे नवबहोर २-१ ने. दोन्ही वेळा अपुइयासारखा माणूस क्लबमध्ये होता. काय उपयोग झाला? नस्साजीचे खेळाडू आपल्या मधल्या फळीला हाताने बाजूला सरकवावं तसे सरकवत होते. याउलट सौदीच्या अल हिलालशी डी. वाय. पाटीलला पूर्वार्ध ०-० ठेवला, तो अकराच्या अकरा जण एका पट्ट्यात उभे राहिले म्हणून. शेवटी ०-२ हरलो ते वेगळं. सहाही मॅचेस हरलो, पण शिकण्यासारखं त्या पाऊण तासात होतं.

तेव्हा तोराल आणि ब्रँडन हे पुढून चाप लावायला तयार आहेत का, हा प्रश्न विचारा. तोराल इंग्लंडमध्ये खालच्या डिव्हिजनमध्ये वर्षानुवर्षं खेळलाय. बर्मिंगहॅम, ब्रेंटफर्ड, हल. तिथे धावल्याशिवाय टीममध्ये कोणी ठेवत नाही. मला त्याची काळजी नाही.

आणि यंदा आशियाई स्पर्धा नाही. शील्ड गेली तशी तीही गेली. मोहामेडन आल्यामुळे लीगमध्ये तेरा टीम, म्हणजे चोवीस मॅचेस, आणि मधल्या आठवड्यांत विश्रांती. एवढ्या मोसमाला एवढी मिडफिल्ड पुरेल.

वीरा_देसाई_रोड:

@बालेवाडी_नॉर्थ पुणेरी भाषेत "प्रश्नच चुकीचा" म्हटलं की वाद संपला असं समजायचं असतं का?

चाप वगैरे सगळं खरं. मीही बघतो. पण तो लावायला पुढचे तिघे एकदम निघावे लागतात, आणि एक जरी उशिरा निघाला तर समोरचा एका पासमध्ये तिघांच्या पाठीमागे. अपुइयाची खरी किंमत त्या क्षणी होती. तीन माणसं बाद झाल्यावर उरलेल्या तीस मीटरमध्ये तो एकटा वेळ काढायचा. एकदम टॅकलला जायचा नाही, मागे मागे सरकत समोरच्याला साइडलाइनकडे ढकलायचा, तोवर बाकीचे परत. तू म्हणतोस ती पद्धत चालायची तीच मुळी मागे असा विमा होता म्हणून.

आणि आपल्याकडे दोन्ही विंगर कसे आहेत? छांगटे आणि बिपिन (किंवा विक्रम). तिघेही पुढे पळणारे. छांगटे परत येतो, खरंच येतो, पण तो आपल्या बॉक्सजवळ आला तर काउंटरला जाणार कोण? नोगेराचं लांबचं बॉल टाकणं तरी आता कुठे आहे? ४ मेला ५३ व्या मिनिटाला डियाझने बरोबरी केली तो गोल पुन्हा बघा. नोगेराने मधून एक बॉल वरून टाकला, डिफेन्सच्या डोक्यावरून, डियाझ मागून निसटला. तो पास देणाराही गेला आणि घेणाराही. आता तिथे कारेलिस-ब्रँडन ही जोडी जुळायला वेळ लागणार. तोवर गोल कमी होणार. गोल कमी म्हणजे १-० राखायची वेळ जास्त वेळा येणार. आणि १-० राखायला कोण लागतो?

@पाचवी_पेठ_फॉरवर्ड निकुमबद्दल मी तुमच्याशी भांडणार नाही. अरुणाचलचा पोरगा आहे, पायात गती आहे, बॉल घेऊन सुटतो. पण तो पुढे जाणारा आहे, थांबणारा नाही. सहा फुटी परदेशी स्ट्रायकर पाठ लावून उभा राहिला तर तो काय करेल ते बघायचंय. फ्रँकलिनला मात्र मी लीगच्या पहिल्या महिन्यात सरळ उतरवीन, निदान घरच्या मॅचेसना. कोलकात्यात पहिल्याच दिवशी साठ हजारांपुढे नको.

दादर_स्लो:

निखिल प्रभूचं नाव कोणीच कसं काढलं नाही? पंजाबकडे आहे. मुंबईचाच. मध्ये खेळतो, गरज पडली तर सेंटर बॅकला उतरतो. भेके गेल्यामुळे मागेही एक माणूस कमीच आहे. एका तिकिटात दोन प्रवास.

मडगांवचो_बॉल:

@दादर_स्लो हे बघ, आजच्या सगळ्या धाग्यात हेच एक शहाणपणाचं वाक्य. पण पंजाब का देईल? त्यांची टीम गेल्या वर्षीच खालच्या आयलीगमधून वर आली, त्यांना असा माणूस पुन्हा सापडायचा नाही. आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विचारलंत तर किंमत दुप्पट सांगतील. हे जूनमध्ये करायचं काम. अपुइया जाणार याची कुणकुण तेव्हा सगळ्यांना होती, फक्त मुंबईच्या ऑफिसात नव्हती की काय?

माझ्याकडे एक जुना माणूस आहे, रोलिन बोर्जेस. तुमच्याकडे होता, आता आमच्याकडे. परत नेता? उभा राहून मध्ये जागा अडवेल, हाडाचा आहे. धावणं मात्र आता बेताचं. देणार नाही म्हणा, नुसता चिडवतोय.

वीरा_देसाई_रोड:

प्रभूच्या नावाला माझा दुजोरा. त्याला मी पंजाबच्या मॅचमध्ये नीट बघितलाय. सरळ उभा राहतो, पाय अनावश्यक उचलत नाही, आणि बॉल मिळाला की पहिला पास पुढे देतो. भारतीय मिडफिल्डर बहुतेक पहिला पास आडवा किंवा मागे देतात, हरवला तर नाव नको म्हणून. हा देत नाही. जूनमध्ये ब्रँडनच्या बरोबरीने हे नाव आणायला हवं होतं, यात मडगांवकरांशी शंभर टक्के सहमत (जपून ठेवा, वारंवार होणार नाही).

क्लबला शिव्या घालणाऱ्यांना मात्र एक सांगतो. अपुइया गेला तो पैशापायी असंच सगळे म्हणतात. त्याचं वय तेवीस. बगानने त्याच्यापुढे थापा, सहल, टांगरी, स्टुअर्ट यांच्याबरोबर खेळायची आणि आशियात खेळायची संधी ठेवली. आपण यंदा आशियात नाही. मीही गेलो असतो. राग येतो तो त्याच्या जाण्याचा नाही, त्यानंतरच्या दोन महिन्यांचा. एवढ्या काळात ती जागा भरायची सोडून आणखी नाजूक पायांची माणसं गोळा केली.

आता जे आहे त्यात १३ सप्टेंबरसाठी माझी टीम, ओढूनताणून:

गोलमध्ये लाचेन्पा. मागे मध्ये तिरी आणि मेहताब, डावीकडे आकाश मिश्रा, उजवीकडे वाल्पुइया. मध्ये वॅन नीफ सर्वात खाली, आणि इथे मी चौथा परदेशी म्हणून तोराल घेतो, पण दहा नंबरला नाही, वॅन नीफच्या शेजारी, आठ नंबरला, म्हणजे मध्ये वर-खाली धावणाऱ्याच्या जागी. बालेवाडीवाले म्हणतात तसा तो इंग्लंडच्या चिखलात खेळलेला असेल तर त्याला तिथे दोन तंगड्या मारता येतील. उंचीही आहे, बगानचे कॉर्नर धोकादायक असतात. त्यांच्या पुढे ब्रँडन, मोकळा. छांगटे, बिपिन, आणि वर कारेलिस. मांझोरो बेंचवर, साठाव्या मिनिटाला तोरालच्या जागी. मॅच १-० किंवा १-१ असेल तर जयेश शेवटच्या वीस मिनिटांना ब्रँडनच्या जागी, आणि क्रौमा कारेलिसच्या जागी, तीन सेंटर बॅक करून दरवाजा लावून घ्यायचा.

कोणाला यात भोक दिसतंय?

बालेवाडी_नॉर्थ:

मोठं दिसतंय. वाल्पुइया पुढे गेला की त्याच्या मागे उजवीकडे तोराल धावणार? बगानकडे डाव्या बाजूला लिस्टन कोलासो आहे. १५ एप्रिलला पहिला गोल त्यानेच केला, विसरलात? आत वळून उजव्या पायाने मारतो हे अख्ख्या देशाला ठाऊक आहे आणि तरी मारतोच. तोरालला तिथे पाठवलंत तर तासाभरात त्याची जीभ बाहेर. मी बिपिनला बसवून जयेशला सुरुवातीपासून उजव्या आठला खेळवीन, तोराल वर ब्रँडनच्या जागी, आणि ब्रँडन डावीकडे. विंगर एकच, छांगटे, उजवीकडे. मडगांवकर म्हणाले ना, ब्रँडनची जागा तीच.

दिसायला भित्री टीम आहे. पण बाहेरच्या मैदानावर पहिल्या दिवशी एक पॉइंट आणला तर मला चालेल.

पाचवी_पेठ_फॉरवर्ड:

बिपिनला बसवणार? २०२१ च्या फायनलला नव्वदाव्या मिनिटाला गोल कुणी मारला, या मेच्या फायनलला पुढं काढणारा दुसरा गोल कुणाचा? दोन्ही बगानवरच. आणि त्याला बगानविरुद्ध बसवायचं? पुण्याचं पाणी बदला आधी.

वीरा_देसाई_रोड:

बिपिनच्या बाबतीत मी कोल्हापूरच्या बाजूने. बगानचा शर्ट दिसला की त्याच्या अंगात येतं.

पण लिस्टनचा मुद्दा खोडता येत नाहीये, सकाळपासून प्रयत्न करतोय. मग असं: तोराल आणि वॅन नीफ यांची बाजू बदलायची. वॅन नीफ उजवीकडे, लिस्टन आत वळला की समोर तोच. त्याला पळावं लागणार नाही, नुसतं आत यायची वाट बंद करून उभं राहायचं. तोराल डावीकडे, तिथे आकाश मिश्रा आहे, तो दोघांचं पळतो. आणि छांगटेला सांगून ठेवायचं की पहिली पंचवीस मिनिटं वाल्पुइयाच्या मदतीला यायचंच, नंतर सुटी.

प्रभू मात्र या चार दिवसांत आला तर तोराल पहिल्या अकरातून बाहेर. त्या परदेशी जागेवर क्रौमा सुरुवातीपासून, मेहताब उजव्या बॅकला, आणि प्रभूला लिस्टनच्या थेट वाटेत उभं करायचं.

दादर_स्लो:

येतोय का तो? काही बातमी?

मडगांवचो_बॉल:

नाही येत रे. पंजाबच्या सरावाचा फोटो आजच टाकलाय त्यांनी, पहिल्या रांगेत उभा आहे. तुम्ही तोरालला आठ नंबर शिकवायला घ्या. आणि फातोर्ड्याला याल तेव्हा ब्रँडनला फ्री-किक आमच्या डाव्या पोस्टकडे मारू देऊ नका, तिकडे त्याचा हात बसलेला आहे.